मोरदरीच्या डोंगरावर तेवीसजण हजर

निवृत्त माणसाला रविवार काय आणि बुधवार काय, सगळे वार सारखेच. पण जालन्याच्या मोतीबागेत रोज सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळातले तेवीसही जण जन्मभर शाळांमधून राबलेले. सरकारी सुट्टी नसताना कुठं जायचं म्हटलं, की किरकोळ रजेचा अर्ज टाकायचा राहून गेल्यासारखं त्यांना वाटायचं. म्हणून मोरदरीच्या डोंगराची सहल ठरली ती गांधी जयंतीलाच.

सहल ठरवली संपतराव साहेबांनी. ते निवृत्त केंद्रप्रमुख. नोकरीत असताना न सांगता शाळेवर येऊन धडकायचं आणि हजेरीपट मागायचा, हा त्यांचा छंद होता. निवृत्तीनंतर माणसाचा हुद्दा जातो, छंद जात नाही. गळ्यात शिट्टी, हातात पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमट्यानं लावलेली यादी, असे ते मोतीबागेतसुद्धा फिरत. मोरदरीचा डोंगर त्यांना मोबाईलवर सापडला होता. जाफराबाद तालुक्यातला एक शांत, अपरिचित डोंगर, असं तिथं कुणीतरी लिहिलं होतं. ते त्यांनी मंडळात मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हा सत्यशीलाबाईंना हसू आलं. अपरिचित तो संपतरावांना. बाईंच्या तीन जोड चपला त्या डोंगरानं खाल्ल्या होत्या.

सत्त्याहत्तर साली बाईंची पहिली नेमणूक मोरदरीच्या शाळेवर झाली. वय बावीस. शाळेला बाई मिळाल्या म्हणून गावानं नारळ फोडला. संध्याकाळी बाई भाड्यानं खोली बघायला निघाल्या तेव्हा गावानं आडनाव विचारलं, आणि आडनाव सांगितल्याबरोबर सगळ्या गावातल्या खोल्या एकदम भरून गेल्या. कुणाच्या खोलीत कडबा रचला होता, कुणाचे जावई येणार होते. जावई दोन वर्षं आले नाहीत आणि खोल्याही रिकाम्या झाल्या नाहीत. शेवटी डोंगरापलीकडच्या उंबरवाडीत, बुद्धवाड्यातल्या साहेबराव आज्यांनी आपली पडवी बाईंना दिली. दोन वर्षं बाई रोज सकाळी डोंगर ओलांडून शाळेत आल्या आणि रोज संध्याकाळी ओलांडून परत गेल्या. त्याला तेव्हा सहल म्हणत नसत.

तर हा डोंगर आता सत्तरीत पुन्हा चढायचा होता, आणि नुसत्या हौसेसाठी नव्हे. आषाढात बाई न्हाणीघरात घसरून पडल्या. दूधवाला येईपर्यंत तासभर तशाच पडून होत्या. मोडलं काही नाही, पण मुलगा राजानंद आणि सून अर्पिता पुण्याहून धावत आले, आणि बाईंचं जालन्याचं घर बंद करायचं त्या दोघांनी जेवणाच्या ताटावरच ठरवून टाकलं. पुण्यात चौदाव्या मजल्यावर खोली तयार होती. बाई तिथं महिनाभर राहून आल्या होत्या. खालचा रखवालदार रोज त्यांना विचारायचा, कुणाकडं आलात. महिन्याच्या शेवटीही विचारायचा.

बरेच दिवस वादावादी झाली. शेवटी राजानंद वैतागून म्हणाला, की त्या सहलीला जायचं म्हणतेस ना, तर जा. कुणाचा हात न धरता स्वतःच्या पायांनी डोंगर उतरून आलीस, तर पुण्याचा विषय मी काढणार नाही. नाहीतर दिवाळी झाली की घराला कुलूप. बाई हो म्हणाल्या. मुलाला वाटलं, आई घाबरेल. आईला वाटलं, मुलाला डोंगर माहीत नाही.

त्यात संपतरावांनी संमतीपत्रं काढली. नमुना शाळेच्या सहलीचाच होता. फक्त विद्यार्थ्यांनी आई-बापांची सही आणायची ती आता आई-बापांनी मुलांची आणायची होती. 'माझे पाल्य' या शब्दांवर संपतरावांनी काट मारून वर 'माझी आई / माझे वडील' असं लिहिलं, पण 'इयत्ता व तुकडी' हा रकाना तसाच राहिला. तेवीस म्हाताऱ्यांपैकी एकालाही त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही. उलट कुणाच्या मुलानं सही लवकर पाठवली याची मोतीबागेत चढाओढ लागली. पालकांच्या माहितीसाठी मोबाईलवर एक ग्रुपही निघाला. त्यात सगळी मुलं, सुना आणि जावई. राजानंदनं सही करून पाठवली आणि तुकडीच्या रकान्यात 'निवृत्त' असं लिहिलं.

निघायच्या दिवशी एक मोठी गाडी आणि एक जीप होती. मोरदरीत उतरल्यावर संपतरावांनी शिट्टी वाजवली, दोन-दोनची रांग केली, हजेरी घेतली. मग डोंगराच्या पायथ्याशी पुन्हा घेतली. रहिमुन्निसा आपा, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, त्यांची जीभ पायांपेक्षा जास्त चालायची. त्या म्हणाल्या, की साहेबांना नोकरीत जेवढे गैरहजर सापडले न्हाईत तेवढे आज सापडावेत अशी त्यांची मुराद दिसून राह्यली.

चढण फार नव्हती, पण मंडळी दर शंभर पावलांवर फोटोसाठी थांबत होती, त्यामुळं वर पोचायला साडेअकरा झाले. माथा सपाट, गवत कमरेएवढं, सीताफळांची झुडपं हिरव्या फळांनी वाकलेली. कुठं आवाज म्हणून नाही. दोन मिनिटं मंडळीही गप्प झाली. सत्यशीलाबाईंना बरं वाटलं, की चला, डोंगरानं एवढ्या बोलक्या लोकांना गप्प केलं. तेवढ्यात संपतरावांनी शिट्टी वाजवून सभा सुरू केली.

अध्यक्ष निवडले गेले. सूचना मांडली गेली, अनुमोदन आलं.

"या अल्ला, इथं बी अध्यक्ष?" आपा म्हणाल्या. "पहाडावर आलो का पतसंस्थेच्या सभेला?"

निसर्ग या विषयावर निसर्गाकडं पाठ करून तीन भाषणं झाली. मग सत्यशीलाबाईंना दोन मिनिटं मनोगत मांडायला सांगितलं. बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, की सत्त्याहत्तर साली मी या डोंगरावरून रोज येत-जात होते, कारण मोरदरीत मला...

"वा," संपतराव मध्येच म्हणाले. "बघा मंडळी, पूर्वीचे शिक्षक किती कष्टाळू. रोज शुद्ध हवा, रोज व्यायाम. म्हणून तर प्रकृत्या टिकल्या."

टाळ्या झाल्या. बाईंचं अर्धं वाक्य तोंडातच राहिलं. ते गिळून त्या खाली बसल्या. पन्नास वर्षांत ते वाक्य असं बऱ्याचदा गिळून झालं होतं, त्यामुळं त्रास झाला नाही.

डबे सुटले. जेवण झाल्यावर आभारप्रदर्शन सुरू झालं तेव्हा बाई हळूच उठल्या. माथ्याच्या दुसऱ्या टोकाला एक खिंड होती. तिथून पलीकडची उंबरवाडी दिसायची. ती एकदा बघून यावी म्हणून त्या गेल्या. उंबरवाडी दिसली. पत्र्यांवर ऊन चमकत होतं, साहेबराव आज्यांचं घर कुठलं ते मात्र ओळखू येईना. पूर्वी याच खिंडीत त्या एका खडकाला पाठ टेकून पाच मिनिटं बसत. तो खडक होता. बाई टेकल्या. वारा होता, पोटात भाकरी होती, आणि मागं आभारप्रदर्शन चालूच होतं. डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. घड्याळात तीन वाजून गेले होते. बाई लगबगीनं माथ्यावर आल्या. तिथं कुणी नव्हतं. दाबलं गेलेलं गवत, संत्र्याच्या साली आणि दोन कागदी पेले, एवढीच मंडळाची खूण.

आधी त्यांना वाटलं, चेष्टा असेल. मग वाटलं, शोधत असतील. मोबाईलची रेंज माथ्यावर एकाच खडकावर येत होती. तिथं जाऊन उभं राहिल्याबरोबर निरोप धडाधड येऊन पडले. पालकांच्या ग्रुपवर संपतरावांनी अडीच वाजताच यादीचा फोटो टाकला होता. तेवीस नावं, तेवीस खुणा. खाली लिहिलं होतं, 'सर्व सदस्य सुखरूप पायथ्याशी. शिस्तबद्ध नियोजनामुळे शंभर टक्के उपस्थिती.' त्याखाली राजानंदनं लिहिलं होतं, 'धन्यवाद सर. आईची काळजी घेऊन तिला खाली आणल्याबद्दल आभारी आहे.'

बाईंनी आपल्या नावापुढची खूण दोनदा बघितली. मग त्या मटकन खाली बसल्या आणि हसू लागल्या.

हे मंडळातल्या दैवशालेचं काम. दुसऱ्या कुणाचं नाहीच. दैवशाला आणि त्या परतूरजवळच्या एका शाळेत अकरा वर्षं एकत्र होत्या. दोघीही येऊन-जाऊन नोकरी करायच्या. एकीची एसटी चुकली आणि साहेब तपासणीला आले, तर दुसरीनं न सांगता म्हणायचं, आल्यात की, आल्यात, पाणी प्यायला गेल्यात. शेकडो वेळा दैवशालेनं बाईंसाठी म्हटलं होतं, शेकडो वेळा बाईंनी तिच्यासाठी. त्या वेळचे साहेब म्हणजे हेच संपतराव. आज डोंगरावर तेच संपतराव, तीच यादी, तोच आवाज. 'सत्यशीलाबाई' म्हटल्यावर दैवशालेच्या तोंडून निघून गेलं असणार, आल्यात, आल्यात. आणि खाली दोन गाड्या. या गाडीतल्यांना वाटलं त्या गाडीत आहे, त्या गाडीतल्यांना वाटलं या.

हसून झाल्यावर मात्र बाई हिशेब करू लागल्या. संपतरावांना फोन लावला, तर ते पहिल्यांदा शिट्टी वाजवतील आणि दुसऱ्यांदा पालकांना कळवतील. मग राजानंदला कळेल, की आई डोंगरावर झोपली आणि हरवली. मग चार माणसं येतील, दंडाला धरून उतरवतील. म्हणजे संपलंच. दिवाळी, कुलूप, चौदावा मजला.

राहिली खिंडीतली वाट. पलीकडं उंबरवाडी, तिथून फाटा, फाट्यावरून जाफराबादला जीप. मंडळी जाफराबादला चहाला थांबणार हे छापील कार्यक्रमातच होतं. आणि संपतरावांचा चहा म्हणजे त्याच्यासोबत अभिप्रायाची सभा, ती तासाभराच्या आत आटोपणार नाही. बाईंनी मोबाईल पिशवीत टाकला आणि पदर खोचला.

वाट आठवणीत होती तेवढी जमिनीवर नव्हती. वनखात्यानं आडवे चर खणले होते. प्रत्येक चरापाशी बसायचं, पाय खाली सोडायचे, मग उतरायचं. टणटणीच्या काटेरी झुडपांनी लुगडं दोन जागी धरलं. निम्म्यावर एक उघडा कातळ होता. बाविसाव्या वर्षी बाई तो पळत उतरायच्या, एका हातात चपला आणि दुसऱ्यात तपासायच्या वह्या. आता कातळाच्या मध्यावर उजवा गुडघा अडकला. पुढं जाईना, मागं येईना. खाली बघितलं की घेरी येत होती. बाई तिथंच उभ्या राहिल्या. फोन करावा असं त्यांच्या मनात आलं, अगदी खरं आलं. चौदाव्या मजल्यावर निदान लिफ्ट तरी आहे, हेही मनात आलं. मग त्यांनी रखवालदार आठवला. त्या कातळावर बसल्या आणि लहान पोरं घसरगुंडीवरून उतरतात तशा, पण घसरगुंडीपेक्षा फार हळू, बुडावर सरकत सरकत खाली आल्या. लुगड्याची मागची बाजू कामातून गेली. बघायला मात्र कुणी नव्हतं, आणि एकटं असण्याचा हा फायदा त्यांना न्हाणीघरात पडल्यानंतर पहिल्यांदाच आठवला.

खाली सोयाबीन काढणं चाललं होतं. एक बाई विळा हातात धरून कधीपासून त्यांच्याकडं बघत होती. नाव मालनबाई, ते नंतर कळलं.

"तुमी वरून आल्त्या? येकट्या?"

हो म्हटल्यावर तिनं विळा खाली ठेवला.

"सकाळपासून शिट्टी ऐकून राह्यलो आमी. म्हनलं, कोन्ती शाळा आली बई डोंगरावर सुट्टीच्या दिवशी."

"म्हाताऱ्यांची," बाई म्हणाल्या.

"आन् मास्तर कुठंय?"

"तो तिकडून उतरला. मी राहिले ते त्याला कळलं न्हाई."

मालनबाई पोट धरून हसली. पाणी दिलं. फाट्यापर्यंत मोटारसायकलवर सोडायला सांगते म्हणाली. बाई नको म्हणाल्या. डोंगर संपला असं कुठं म्हणायचं, जिथं शेत सुरू होतं तिथं की जिथं डांबर लागतं तिथं, यावर राजानंद वाद घालू शकला असता, आणि तो त्यांचाच मुलगा होता. त्या फाट्यापर्यंत चालत गेल्या. तिथून काळी-पिवळी जीप मिळाली. दोन कोंबड्या आणि एका नवऱ्या मुलाच्या मामाशेजारी बसून सव्वापाचला त्या जाफराबादला उतरल्या.

हॉटेलसमोर दोन्ही गाड्या उभ्या होत्या. बाई मागं राहिल्याचं बाकीच्यांना तासापूर्वीच कळलं होतं, आणि तेही माणूस कमी पडला म्हणून नव्हे. भज्यांची तेवीस पाकिटं बांधून आणली होती, त्यातलं एक उरलं. संपतरावांनी आधी हॉटेलवाल्यानं जास्तीचं दिलं का याची चौकशी केली, मग पुन्हा हजेरी घेतली. दैवशालेला तिथं रडू फुटलं.

आणि तासभर काय चाललं होतं, तर खुलासा. संपतराव हातवारे करून सांगत होते आणि दैवशाला डोळे पुसत कागदावर लिहीत होती. बाई मागून येऊन तिच्या खांद्यावरून वाचू लागल्या. 'श्रीमती सत्यशीलाबाई या नियोजनकर्त्यांना कोणतीही पूर्वकल्पना न देता स्वेच्छेने डोंगरावर मागे थांबल्या असून'.

"असून काय?" बाईंनी विचारलं.

दैवशालेच्या हातातून पेन पडलं. तिनं बाईंना मिठी मारली, सोडली, लुगड्याची मागची बाजू बघितली आणि पुन्हा मिठी मारली. संपतरावांनी आधी यादीकडं बघितलं, मग बाईंकडं.

"तुम्ही तर खाली आलेल्या आहात," ते म्हणाले.

"मी कवापासून म्हणून राह्यले, गाडी परत पाठवा, गाडी परत पाठवा," आपा म्हणाल्या. "तर हे म्हणतात, आधी कागद बराबर होऊ द्या."

पालकांना अजून काही कळवलं नव्हतं. कागद पक्का झाला नव्हता म्हणून वाचलं. मग बाईंनी कशा उतरल्या ते सांगितलं, आणि मंडळात पटापट एकमत झालं. कुणाला काही सांगायचं नाही. बाई सगळ्यांबरोबरच उतरल्या. यादी आहे, फोटो आहे, वेळ आहे. सभेला अध्यक्ष लागला नाही, अनुमोदन लागलं नाही. चाळीस-चाळीस वर्षं एकमेकांना सांभाळून घेतलेली माणसं, हा विषय त्यांना शिकवावा लागत नव्हता. संपतरावांना तर हायसंच वाटलं. खुलाशाची चार घड्या करून तो त्यांनी खिशात घातला आणि बाईंसाठी स्वतःच्या हातानं चहा आणला.

बाईंनाही ते बरंच होतं. शब्द पाळला गेला होता, घर वाचलं होतं. चहा निम्मा झाला आणि राजानंदचा फोन आला. सगळ्यांनी खुर्च्या जवळ ओढल्या. दैवशालेनं मान हलवून खूण केली, बोल, बोल.

"कशी झाली सहल?" राजानंदनं विचारलं. "सरांचा निरोप बघितला मी. फार व्यवस्थित माणूस आहे. त्यांनी नीट उतरवलं ना तुला?"

बाईंनी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच. पण तो कातळ, ते सगळे चर, ती फाट्यापर्यंतची पायपीट त्या एका 'हो'मध्ये बसेना. हो म्हटलं, की ते सगळं त्या पुठ्ठ्यावरच्या यादीत जमा होणार होतं. व्यवस्थित माणसानं उतरवलेली म्हातारी, एवढंच उरणार होतं. आणि अशा म्हातारीला उद्या पुण्याला नेताना तरी कुणाला काय वाटावं?

"त्यांनी नाही उतरवलं," बाई म्हणाल्या. "ते मला वरच विसरले. माझा डोळा लागला होता. मी खिंडीतून उतरले, उंबरवाडीच्या बाजूनं. एकटी."

संपतरावांनी डोळे मिटून घेतले. दैवशालेनं कपाळाला हात लावला. पलीकडून राजानंद म्हणाला, की आई, असं एकटीनं उतरायचं आपलं ठरलं नव्हतं.

"एकटीनं राहायचं म्हणतेय ना मी? मग उतरायलाही एकटीनंच पाहिजे होतं. बरं झालं विसरले ते."

"पडली असतीस तर?"

"पडले असते तर तुझं खरं झालं असतं. नाही पडले."

"गुडघा?"

"दुखतोय," बाई म्हणाल्या. खोटं त्यांनी एकदा गिळलं होतं, आता दुसरं कशाला. "फार दुखतोय. कातळावर तर बसून उतरावं लागलं."

पाठीमागून अर्पिता काहीतरी विचारत होती आणि तो तिला थांब म्हणत होता.

"गुडघ्याचा पट्टा मिळतो एक चांगला," शेवटी तो म्हणाला. "उद्या कुरिअरनं पाठवतो. जालन्यालाच पाठवू ना?"

"मग आणखी कुठं," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला. चहा गार झाला होता. दुसरा सांगितला.

संपतराव यादी समोर घेऊन बसले होते. आता पालकांना कळलं म्हणजे नोंद बदलणं भाग होतं, पण शंभर टक्के खोडून लिहायचं काय, ते त्यांना सुचेना. आपांनी त्यांच्यापुढं उरलेलं भज्यांचं पाकीट सरकवलं आणि म्हणाल्या, साहेब, खाऊन घ्या, ठंडे होऊन राह्यले.